साहेबाला ‘नाही’ कसं म्हणायचं?

कृष्णाकाठ:
सांगलीहून नेदरलँड्समधल्या आयंडहोवनला येऊन दीड वर्ष झालं. सॉफ्टवेअर टेस्टिंगचं काम करते. मागच्या सोमवारी आमच्या लीडने विचारलं, शुक्रवारपर्यंत रिपोर्ट मिळेल का? होणार नाही हे मला तेव्हाच दिसत होतं. तरी तोंडून निघालं, “येस, आय विल ट्राय.” मनात होतं ते आपलं “हो, बघते.” आपल्याकडे “बघते” म्हटलं की समोरचा समजून जातो, अवघड दिसतंय. त्याने नुसतं ‘येस’ धरलं आणि पुढच्या टीमला शुक्रवार कळवून टाकला.

शुक्रवारी साडेचारला सगळ्यांसमोर त्याने शांतपणे विचारलं, “सोमवारीच का नाही सांगितलंस?” आवाज चढला नव्हता. मी घरी येऊन रडले.

बाबा साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात होते. साहेबांशी कायम उभं राहून बोलायचे. माझं हे गप्प राहणं संस्कार आहे की भीती? आणि नोकरीसाठी माणसाने स्वतःला कितपत बदलायचं?

उत्रेख्तवासी:
ज्याने हे मोजायचा प्रयत्न केला तो सामाजिक मानसशास्त्रज्ञ हॉफस्टेड इथलाच, हार्लेमचा. 1967 ते 1973 या काळात आयबीएमच्या वेगवेगळ्या देशांतल्या कर्मचाऱ्यांनी भरलेल्या प्रश्नावल्या त्याने अभ्यासल्या. वरच्या-खालच्यातलं अंतर खालच्या माणसाला कितपत साहजिक वाटतं, त्याला त्याने पॉवर डिस्टन्स म्हटलं. त्यात भारत 77, नेदरलँड्स 38; आकडा मोठा तितकं हे अंतर जास्त साहजिक वाटतं. पण हे आकडे देशाचे, तुमचे नव्हेत. हॉफस्टेडनेही तसंच बजावलं होतं.

इथे चूक दाखवली म्हणजे माणूस उतरला असं होत नाही. हे अंगवळणी पडायला मला चार वर्षं लागली. तुम्ही वार सांगा: “शुक्रवारी निम्मा, मंगळवारी पूर्ण.” त्यात ‘नाही’ येतंच.

वऱ्हाडी ठेचा:
ताई, आईच्या आमटीत मीठ जास्त झालं तर तुम्ही तोंडावर सांगताच ना? बहिणीला “जमणार नाही” म्हणताच. म्हणजे ‘नाही’ तुमच्याकडे आहे, फक्त वरच्या माणसापुढे ते गिळलं जातं. मराठीपण सोडायचा प्रश्नच येत नाही. सोडायचं असेल तर ते टाइम ऑफिसातलं उभं राहणं.

पुणे_५२:
सगळं तिनेच का बदलायचं? पुण्यात बसून मी परदेशी टीमबरोबर काम करतो. “शुक्रवारी मिळेल का?” विचारलं की आमची पोरं ‘हो’च म्हणतात. “कधी मिळेल, आणि कशात अडकेल?” असं विचारलं की खरं बोलतात. ही गोष्ट लीडलाही सांगा.

कृष्णाकाठ:
सांगितलं आज. “माझं ‘आय विल ट्राय’ म्हणजे ‘अवघड आहे’ असं धर,” म्हटलं. तो म्हणाला, बरं झालं सांगितलंस, आणि वहीत लिहून घेतलं. नव्या कामाला त्याने गुरुवार मागितला. मी सोमवार दुपार म्हटलं. छातीत धडधडत होतं. तो “ओके” म्हणाला आणि कॉफी आणायला गेला.

वऱ्हाडी ठेचा, तुमचं वाक्य बाबांना फोनवर वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग विचारलं, “साहेबांनी तुला बसायला सांगितलं होतं का?”

म्हटलं, बाबा, मी बसलेलीच होते. तो माझ्या टेबलापाशी उभा होता.