क्विक चेंज टूलपोस्ट : वेज, दात, की जुना चौकोनीच बरा?

गोलचक
लेथवरच्या फोर-वे टूलपोस्टमध्ये (चार टूल धरणारा जुना चौकोनी ठोकळा) टोक सेंटरच्या उंचीला आणायला टूलखाली पत्र्याचे तुकडे सारून सारून वैतागलोय. परवा फेसिंग (जॉबचं तोंड सपाट) करताना जॉबच्या मध्यावर बारीक बोंडी उरली. मोजली, 0.4 मिमी. म्हणजे टोक सेंटरच्या 0.2 मिमी खाली. एक पत्रा घातला, बोल्ट आवळले, पॅकिंग दबलं आणि बोंडी पुन्हा हजर. आता क्विक चेंजच घेणार, म्हणजे टूल होल्डरमध्ये राहतं आणि होल्डरच झटकन काढता-घालता येतो.

माझा कल अॅलोरिस कंपनीच्या धाटणीच्या डव्हटेलकडे (तिरक्या कडांच्या खाचेत होल्डर बसतो), आणि त्यातही वेजवाल्याकडे (वेज म्हणजे पाचर). पिस्टनवाल्यात पिस्टन होल्डरला बाहेर रेटून डव्हटेलमध्ये अडकवतो; वेज त्याला ओढून बॉडीच्या तोंडाला चिकटवतो. माझ्या मते फरक तिथेच आहे. शिवाय डव्हटेल कटर हाताशी असेल तर होल्डर घरी मिलिंग करून काढता येतात. डिक्सन किंवा मल्टिफिक्स या दुसऱ्या बनावटींचा होल्डर घरी करायला बसा, मग बोलू.

जुना टर्नर
अहो, दुखणं पॅकिंगचं आणि ऑपरेशन टूलपोस्टचं! दहा पातळ पत्र्यांऐवजी एकच जाड पट्टी ग्राइंड करून घ्या आणि ती त्या टूलसोबतच बांधून ठेवा. माझ्या प्रत्येक टूलची स्वतःची पट्टी आहे. दबायला मध्ये काही उरतच नाही.

क्विक चेंजमध्ये होल्डर बॉडीच्या बाहेर लटकतो, त्याच्याही बाहेर टूल. टोक कंपाउंड स्लाइडच्या (टूलपोस्टखालची, कोनात फिरवता येणारी स्लाइड) मध्यापासून जितकं लांब, तितकी स्लाइडवर उचल जास्त. हलक्या कटाला कळत नाही. पार्टिंग टूल (जॉब कापून वेगळा करणारं) आत घुसलं की लेथ स्वतःच सांगतो. आणि वीस-पंचवीस सारखे जॉब असले की माझा हात फक्त हँडलवर : टर्निंग, फेसिंग, चॅम्फर (कडेचा उतार), पार्टिंग. तुम्ही तोवर होल्डर काढा, पुसा, लावा.

नऊ अंश
काका, चार टूल एकदम लावली की तीन टोकं तुमच्या मनगटाकडे बघत असतात, ते सांगायचं राहिलं.

आणि धागाकर्ते, तुम्ही मल्टिफिक्सला एका ओळीत उडवलंत! त्या गोल बॉडीवर 40 दात आहेत. होल्डर हवा त्या दातावर बसवा, प्रत्येक दाताला 9 अंश. 45 चा चॅम्फर हवा? पाच दात सरका, झालं. बॉडीचा नट सैल करायला नको, गुण्या लावायला नको. डव्हटेलवाल्यात होल्डरला बसायला जागा दोनच.
डायल लावून एकच होल्डर दहादा काढला-घातला, काटा 0.01 मिमीच्या एका घराबाहेर गेला नाही. आता पाचव्यांदा दातात बुरादा अडकला होता आणि काटा भलतीकडे गेला, ती फेरी मी धरली नाही. पुसायला लागतं, कबूल.

अर्धा आटा
न धरलेल्या फेरीतच खरी गोष्ट असते, भाऊ.
बरं, 30 ला 9 ने भागून दाखवा. 60 अंशांच्या आट्यांसाठी मी कंपाउंड साडेएकोणतीस अंशांवर फिरवतो, टूलपोस्टही त्याच्याबरोबर फिरतं. तीन दात मागे घेतले की 27. उरलेल्या अडीच अंशांसाठी शेवटी तोच मधला नट सैल करायचा आणि आटेगेज लावून टूल काटकोनात आणायचं. म्हणजे सगळे एकाच रांगेत.

डिक्सनवाली
माझ्या लेथवर डिक्सन आहे आणि तक्रार नाही. होल्डर व्ही आकाराच्या दोन कडांवर बसतो, मागचा हुक त्याला आत ओढतो, रुंद पकड मिळते. तक्रार नाही म्हणजे एक आहे : जुन्या बॉडीवर दुसऱ्या बनावटीचा होल्डर चढवला तर तो एकाच व्हीवर टेकला. कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग लावून पाहिलं तेव्हा कळलं. तोवर चॅटरसाठी (कटातली थरथर) बिचाऱ्या बेअरिंगला शिव्या घालत होते. होल्डर एकाच घरचे घ्या. आणि चावीला पाइप लावून आवळू नका, हुक बिचारा सहन करतो तेवढंच.

घेण्याआधी एक करा. कंपाउंडच्या माथ्यापासून सेंटरपर्यंत उंची मोजा. टूलपोस्टचा आकार लेथच्या स्विंगवरून (लेथवर फिरू शकणाऱ्या जॉबचा मोठ्यात मोठा व्यास) ठरवणारे इथेच चुकतात.

गोलचक
मोजली. 28 मिमी. ज्या होल्डरवर नजर होती त्याची खाच पार खाली टेकवली तरी तळापासून 14 वर राहते. 16 चं टूल घातलं तर टोक 30 वर, सेंटरच्या 2 मिमी वर! 12 चं घातलं तर 26, आणि उंचीच्या नटाने 2 वर उचलता येतं. म्हणजे हा आकार घेतला तर 12 चीच टूल. नाहीतर 16 ची सगळी टूल बुडाशी मिल करत बसायचं.

वेजवरचं मत कायम आहे. पण पार्टिंगपुरतं टर्नर काकांचं ऐकतो; फोर-वे मोडीत काढत नाही, बार कापायचा असेल त्या दिवशी तोच चढवेन. काका, ती जाड पट्टी तुम्ही माइल्ड स्टीलचीच ठेवता की हार्ड करून घेता?

जुना टर्नर
माइल्ड. पण टूलच्या पूर्ण लांबीची. पुढे आखूड पडली की टोक वाकतं.