मदत हवी आहे : सफरचंदाची पानं गळाली, तरी खाली पांढरी मुळी फुटतेय. पाणी द्यायचं की बंद करायचं?

आटपाडीची लेक

नमस्कार मंडळी. मिनेसोटात, मिनिआपोलिसच्या जरा बाहेर राहते. दोन वर्षांपूर्वी घर घेतलं आणि अंगण मिळाल्यावर माणसाचं जे होतं ते माझंही झालंय. सप्टेंबरअखेर नर्सरीतून हनीक्रिस्प सफरचंदाचं झाड आणून लावलं. (हे वाण इथल्याच विद्यापीठाने १९९१ साली प्रसारित केलेलं. म्हटलं, इथे नाही जगलं तर कुठे जगणार?)

ऑक्टोबर सरता सरता पानं पिवळी पडून गळाली. नवरा म्हणाला, "झोपलं आता झाड. पाणी बंद कर, नाहीतर मुळं कुजतील." मलाही पटलं. माहेरी डाळिंबाला बहार धरण्याआधी ताण देतात (काही दिवस पाणी तोडतात), तसंच काहीतरी असेल असं वाटलं.

काल आळ्याच्या कडेला लसूण लावायला खुरपं घातलं, तर ढेकळाबरोबर एक मुळी वर आली. पेन्सिलीच्या शिशाएवढी जाड, तपकिरी. आणि टोकाला बोटाच्या पेराएवढं पांढरंशुभ्र, ओलसर, कोवळं. हात लावायचीही भीती वाटली. वर फांदीवर एक पान नाही आणि खाली हे चाललंय! माती घाईघाईने परत लोटली.

आता हे झाड चुकून जागं झालंय का? ही कोवळी मुळी थंडीत मरणार का? इथे जानेवारीत पारा उणे २५ लाही जातो. शिवाय मागच्या मार्चमध्ये बर्फ वितळल्यावर स्ट्रॉबेरीची रोपं मुळांसकट जमिनीवर आडवी पडलेली मिळाली होती, जणू कुणी उपटून ठेवलीत. ते पुन्हा नको.

वाचनमात्र

आधी खात्री करा, गवताची मुळी नाही ना? नोव्हेंबरात लॉनचं गवतही खाली जोरात असतं.

आटपाडीची लेक

नाही हो. गवताची केसासारखी असते. ही चांगली चिवट होती आणि बुंध्याच्या दिशेने जात होती.

मातीमोल

ताई, झाड झोपलंय हे खरं, पण फक्त कमरेच्या वर. अहोंना तेवढी दुरुस्ती सांगा.

बारा वर्षं नर्सरीत काम केलंय, हा प्रश्न दर हिवाळ्यात येतो. फांदीवरचे डोळे (मिटलेले कोंब) आणि जमिनीतली मुळी यांची घड्याळं वेगवेगळी असतात. दिवस लहान झाले, थंडी पडली की डोळे खरोखर झोपतात. मग मध्येच चार दिवस ऊब आली तरी फुटत नाहीत. ठरावीक तास थंडी भोगून झाल्याशिवाय त्यांना जाग येत नाही. मुळीला अशी सक्तीची झोप नाही. माती पुरेशी उबदार असली, ओल असली आणि झाडाच्या पोटात साठा असला की मुळी चालते. हवा एका रात्रीत गार होते, मातीला आठवडे लागतात. तुमच्या हाती आलं ते पांढरं टोक म्हणजे याचाच पुरावा.

माती ५ ते ७ अंशांच्या खाली गेली की बहुतेक फळझाडांची मुळी रांगायला लागते आणि गोठली की थांबते. बर्फ वितळून माती तापली की पुन्हा निघते, तिला कुणी उठवायला लागत नाही.

सफरचंदात साधारणपणे वर्षात दोन लाटा दिसतात. पहिली वसंतात, डोळे फुटण्याच्या आगेमागे. मग शेंडे जोर धरतात, सगळं अन्न तिकडे जातं आणि मुळी मागे पडते. शेंडे थांबले, फळं उतरली की दुसरी. ज्या वर्षी फळांचा बोजा जास्त, त्या वर्षी ही दुसरी लाट बारीक. तुमच्या झाडावर यंदा फळ नव्हतं, त्यामुळे ते आता मनापासून मुळ्या सोडतंय. सोडू द्या.

म्हणजे पाणी द्यायचं. जमीन गोठेपर्यंत, पण बोट घालून बघून: दोन पेरं खाली कोरडं लागलं तरच. मुळं कुजतात ती पाणी तुंबलेल्या मातीत, ओलसर मातीत नाही. आणि खत आत्ता अजिबात नको.

थंडीचं म्हणाल, तर भीती अगदीच खोटी नाही. सफरचंदाचं लाकूड उणे ३० सहज काढतं, पण मुळं उणे १०च्या आसपासच दगावू शकतात. तरी झाडं जगतात, कारण मातीत उणे २५ पोचतच नाही. वर फूटभर भुसभुशीत बर्फ असला की खालची माती शून्याच्या थोडी इकडेतिकडे राहते. बर्फ म्हणजे गोधडीच. कडाक्याची थंडी आणि जमीन उघडी, असा हिवाळा वाईट. कुंडीतली झाडं मरतात तीही यामुळेच. कुंडीला चारही बाजूंनी हवा लागते.

निफाडकर

ताई, आमच्याकडे बर्फ नाही, पण डिसेंबर-जानेवारीत पारा चार-पाचवर आला की द्राक्षाची पांढरी मुळी चालत नाही. तुमचं वर बंद, खाली चालू. आमचं उलटं. वेलीवर पानं आहेत, घड फुगायला आलेत आणि खालून मुळी हात वर करते. खत सोडा नाहीतर टॉनिक, उचलतच नाही. मग पहाटे ड्रिप सोडायचं (विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं), बोदावर (वेलींखालच्या मातीच्या उंचवट्यावर) आच्छादन, बागेत शेकोट्या. मुळी चालू दिसतेय म्हणजे तुम्ही नशीबवान. झाकून ठेवा.

हिमगौरी, ओंटारिओ

झाकण्याबद्दल एक सांगते, कारण मी इथेच चुकले होते. सफरचंदाला आच्छादन आत्ताच घाला. लाकडाचा भुगा नाहीतर चिप्स, चार बोटं जाडीचा थर, पण बुंध्यापासून वीतभर लांब. बुंध्याला टेकवलंत तर उंदीर बर्फाखाली मुक्काम करून साल कुरतडतात. इथे हेतू असा की माती जितकी उशिरा गोठेल तितकी मुळी पुढे जाईल.

स्ट्रॉबेरीचं मात्र वेगळं. तुमची रोपं नुसत्या थंडीने गेली नाहीत, उचलली गेली. ओल्या मातीत बर्फाचे पापुद्रे तयार होतात आणि माती रोपासकट वर ढकलतात. दुपारी वितळलं की माती खाली बसते, रोप तिथेच वर राहतं. असं पाच-दहा वेळा झालं की मुळं उघडी. म्हणून तिथे पेंढा जमीन वरून गोठायला लागल्यावर टाकायचा. नुसती ऊब द्यायला नाही, गोठलेली जमीन गोठलेलीच राहावी म्हणून! मी पहिल्या वर्षी मायेने ऑक्टोबरातच जाड पांघरूण घातलं आणि रोपं खालून सडवली.

लसूण लावलात ते योग्यच. गोठण्याआधी पाकळी मुळ्या सोडते, पात वसंतात. काढणी जुलैत.

आणि दारात आर्बरव्हायटीचं (सदाहरित, सुरूसारखं झाड) कुंपण असेल तर त्यालाही पाणी द्या. मार्चमध्ये ती तांबूस दिसतात ती बहुतेक तहानेने. ऊन-वारा पानांतलं पाणी ओढतो आणि मुळं गोठलेल्या जमिनीतून काही देऊ शकत नाहीत.

आटपाडीची लेक

सगळ्यांचे आभार. नवऱ्याच्या बार्बेक्यूचा थर्मामीटर दांडीपर्यंत मातीत खुपसला. सकाळी आठला हवा उणे १, माती ७. नवरा दोनदा वाकून बघून गेला, बोलला काही नाही. चिप्स घातल्या, बुंधा मोकळा ठेवला.

आटपाडीची लेक (तेरा दिवसांनी)

माती २ वर आली. पाइप फुटू नये म्हणून बाहेरचा नळ बंद केलाय, त्यामुळे शेवटच्या दोन बादल्या बेसमेंटमधून उचलून आणाव्या लागल्या. नवऱ्यानेच आणल्या. पेंढ्याची गासडी गॅरेजमध्ये तयार आहे, स्ट्रॉबेरीवर शनिवारी टाकेन. थर्मामीटर धुऊन जागेवर ठेवलाय. हा धागा त्याला दाखवू नका.