मदत हवी आहे: काकी पाय धुवू देत नाहीत
वेंगुर्ल्यात राहते. शेजारच्या काकींनी जन्मभर डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकली. आता साखर आहे, टाचांना काळ्या भेगा. डॉक्टर म्हणाले, रोज कोमट पाण्याने पाय धुवून बोटांच्या बेचक्या कोरड्या करा. पण त्यांना वाकता येत नाही. मी तांब्या घेऊन गेले की पाय लुगड्याखाली! "माझ्या पायांक हात लावू नको गो, पाप लागात माका."

पवित्र गुरुवारी (ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी) चर्चमध्ये फादर पाय धुतात (२०१६ पासून बायकांचेही), ते बघतच मोठी झाले. बायबलमध्ये योहानाच्या १३व्या अध्यायात येशू शिष्यांचे पाय धुतो, तेव्हा त्याचा शिष्य पेत्रही आधी नाहीच म्हणतो. पण त्याला समजवायला खुद्द येशू होता, इथे मी! काकींना उपकार वाटू न देता राजी कसं करू? कुणाला अनुभव आहे का?