जागा कुणाच्या नावावर, ते आधी बघा

शहरातल्या रिकाम्या जागा गरीब वस्त्यांना भाजीपाल्यासाठी द्याव्यात, असं एकाने सुचवलंय. सूचना मनापासून पटली. पण लॉस एंजेलिसच्या साउथ सेंट्रल फार्म या सामूहिक बागेचं काय झालं, तेही बघायला हवं.

ती सुमारे १४ एकर जागा महापालिकेने कचरा जाळण्याच्या प्रकल्पासाठी सक्तीने घेतली होती. लोकांनी तो प्रकल्प हाणून पाडला. १९९२च्या दंगलीनंतर ती जागा बागेसाठी तिथल्या फूड बँकेच्या, म्हणजे गरजूंना अन्न पुरवणाऱ्या संस्थेच्या, हाती आली. साडेतीनशेच्या आसपास कुटुंबं तिथे राबायची, बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून आलेली. मका, केळी, भाजीसाठी निवडुंगाची कोवळी पानं, पापालो नावाचा उग्र वासाचा पाला. अडाण्याला तण वाटावं असं बरंच काही, पण त्या घरांचं रोजचं जेवण तेच!

२००३ मध्ये पालिकेने जागा जुन्या मालकाला सुमारे ५० लाख डॉलरला परत विकली. २००६च्या जूनमध्ये पोलिसांनी लोकांना बाहेर काढलं आणि पिकांवर बुलडोझर फिरला. एवढी वर्षं कसून तयार केलेली माती दुसरीकडे नेता येत नाही, हे मला फार लागतं.

उलट न्यूयॉर्कमध्ये १९९९ साली पालिकेने लिलावात काढलेल्या शंभरावर बागा दोन संस्थांनी विकत घेतल्या, म्हणून त्या टिकल्या. तेव्हा पालिकेकडे अर्ज करताना तोंडी परवानगीवर थांबू नका. निदान दहा वर्षांचा लेखी करार मागा, आणि पाण्याची जोडणी त्यातच लिहून घ्या.