मिरवणूक हवी, डीजे नको

गणपतीच्या मिरवणुकीत डीजे नको म्हटलं की कोणीतरी विचारतंच, "वर्षातून एकदा डीजे वाजला तर बिघडलं कुठं?" अहो, एकदा कुठं? सोलापुरात जयंत्या, उत्सव, वराती धरल्या तर महिना कोरडा जात नाही. आमचं घर मिरवणुकीच्या रस्त्यावरच. मागच्या वेळी फडताळातल्या वाट्या थरथरत होत्या आणि आई कानांवर उशी दाबून बसली होती. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे, पण पाळतं कोण?

जानेवारीत आमच्या ग्रामदैवताच्या, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत सात नंदीध्वज, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्या निघतात, बाराबंदी हा पांढरा पारंपरिक पोशाख घातलेली माणसं त्या पेलत येतात, हलगी कडाडते. तेव्हा हीच आई गॅलरीत खुर्ची टाकायला लावते. माझं म्हणणं एवढंच, गणपतीतही आपलं लेझीम असू द्या. पोरं काय देखणी खेळतात हो!