व्याकरण आधी की मेटामॉडेल?

एक्सटेक्स्ट या संगणकीय भाषा घडवण्याच्या साधनात आधी व्याकरण (भाषा कशी लिहायची याचे नियम) लिहावे व मेटामॉडेल (त्या भाषेतील घटक आणि त्यांचे परस्परसंबंध यांचा आराखडा) त्यातून निघू द्यावे, असे एक मत चर्चेत मांडले गेले; ते छोट्या भाषेला पुरते. परंतु गोव्यातील रायबंदर–चोडण फेरीबोटीच्या वेळापत्रकासारखे मॉडेल पुढे पडताळणीसाठीही वापरायचे असेल, तर मेटामॉडेल स्वतंत्र ठेवून व्याकरणात आयात करावे, असे मी आग्रहाने सांगेन. अन्यथा व्याकरणाचा नियम बदलला की त्यातून निघणारे क्लासही (प्रोग्राममधील घटकांचे साचे) बदलतात.

चर्चेत न आलेली एक बाब मला अधिक महत्त्वाची वाटते. एक्सटेक्स्टचा मूळचा आयडी नियम (नाव कोणत्या चिन्हांनी बनावे हे ठरवणारा) फक्त रोमन अक्षरे, अंक व अंडरस्कोर स्वीकारतो, त्यामुळे धक्क्याचे नाव 'चोडण' असे लिहिल्यास त्रुटी येते. नियम बदलताना केवळ स्वर-व्यंजने घेऊन भागत नाही, मात्रा व हलन्तही घ्यावे लागतात. मात्र युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणाचा ०९०० ते ०९७एफ हा देवनागरी पट्टा सरसकट घेतला, तर दंड (। हे विरामचिन्ह) आणि अंकही नावाच्या आरंभी चालू लागतात. शिवाय 'किनाऱ्या'तील अर्धा र काही जण अदृश्य जोडचिन्ह वापरून टंकतात, काही जण नुक्त्याच्या (खाली टिंब असलेल्या) ऱ ने. दिसायला एकच असलेली ही नावे संगणकाला वेगळी वाटतात आणि फेरीचा धक्क्याशी असलेला संदर्भ जुळत नाही, म्हणून संदर्भ जोडण्यापूर्वी दोन्ही रूपे एकसारखी करून घ्यावीत.