विहारातल्या वंदनेत ऑटिझम असलेली मुलं टिकावीत म्हणून काय करावं?

प्रश्न: विहार समिती, उत्तर नागपूर
जय भीम. दर रविवारी सामूहिक वंदना आणि पंधरा मिनिटं आनापान, म्हणजे श्वासावर लक्ष ठेवायचं ध्यान, असतं. ऑटिझम, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलता) असलेली मुलं मध्येच उठतात, कान झाकतात. लोक वळून बघतात, मग ते कुटुंब पुन्हा येत नाही. नेमकं काय बदलावं?

विशेष शिक्षिका
जय भीम दादा. त्रिसरण, पंचशील दर वेळी त्याच क्रमानं, त्याच शब्दांत येतं, हीच तुमची जमेची बाजू. पुढे काय होणार हे कळलं की मुलाची धास्ती उतरते. चार चित्रं भिंतीवर लावा: मेणबत्ती, त्रिसरण, पंचशील, आनापान. भाग संपला की चित्र मुलानंच उलटं करायचं. पाहुण्यांचं भाषण ऐनवेळी घुसवलं की सगळं बिघडतं; त्याचंही कार्ड आधीच लावा.
छोट्या सभागृहात माइक नकोच. लागलाच तर स्पीकरच्या मागे उभं राहून बोला, समोर धरला की शिट्टी वाजते. फरशीवर सतरंजी अंथरली की घुमणं कमी होतं. अगरबत्ती खिडकीपाशी. दाराजवळच्या दोन जागा राखीव, म्हणजे उठून जाताना कोणाला ओलांडावं लागत नाही.

ध्यान शिकवणारा
आनापानात काहींची घालमेल उलट वाढते, कारण श्वासाकडे लक्ष गेलं की तो कोंडल्यासारखा वाटतो. त्यांना चंक्रमण द्या: दहा पावलं जायचं, वळायचं, लक्ष तळव्यावर. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या सजगतेवरच्या उपदेशात, चालतानाची सजगता आहेच, ही काही सवलत नव्हे. सुरुवात तीन मिनिटांनी. डोळे मिटायची सक्ती नको.

समिती
दीक्षाभूमीला न्यायचं असेल तर?

विशेष शिक्षिका
पहिली भेट धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नको, लाखोंची गर्दी असते. साध्या दिवशी सकाळी न्या. स्तूप आतून पोकळ, आवाज घुमतो. आवाज अडवणारे कानावरचे मफ दारातच घाला. अनवाणी चालणं सोसत नसेल तर मोजे.

एका ऑटिस्टिक मुलाची आई
सोय झाली तरी मूल पाहुणंच राहतं. त्याला कायमचं काम द्या: आसनं मांडणं, पुस्तिका वाटणं. तो आला नाही तर ते काम दुसऱ्यानं उरकू नये, घरी फोन करावा. आणि "मागच्या जन्माचं कर्म" असं कोणी आईला म्हणालं, तर अध्यक्षांनी तिथल्या तिथे थांबवावं. बाबासाहेबांनी तो विचार नाकारला होता, आपल्याच विहारात तो ऐकावा लागू नये.